त्रुफोने शेवट गोड केलेला नाही

नायकाची शेजारीण क्लॅरिस हिला जिवंत ठेवून फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने ‘फॅरनहाइट ४५१’ हा चित्रपट गोडगोड करून टाकला, हे तुमच्याकडच्या लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. वाचनावर बंदी असलेल्या, पुस्तकं जाळणाऱ्या समाजाची ही कथा. रे ब्रॅडबरीच्या मूळ कादंबरीत क्लॅरिस मध्येच नाहीशी होते, हे खरं. पण १९६६ च्या चित्रपटाच्या शेवटी मरायला टेकलेला म्हातारा स्वतः पाठ करून जपलेलं पुस्तक लहान मुलाकडून घोकून घेतो, त्यात गोड काय आहे? मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात वाढलेली वाचक. १८९३ पासूनची ती संस्था. तिथली पुस्तकं उद्या जाळली, तर मला त्यातलं एक तरी पान पाठ म्हणता येईल का, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

फसलेलंही बरंच आहे. उडणारे पोलीस तर सरळ तारांना टांगलेले दिसतात. कादंबरीतला यांत्रिक कुत्रा गाळल्यामुळे नायकाच्या पाठलागात धडकीच भरत नाही. नायकाची बायको आणि क्लॅरिस या दोन्ही भूमिका ज्युली क्रिस्टी या एकाच अभिनेत्रीला देण्याची कल्पना मात्र मला फार आवडली. आणि सुरुवातीची श्रेयनामावली! ती पडद्यावर लिहिलेली नाही, बोलून दाखवली आहे. वाचनबंदी पहिल्याच मिनिटाला आपल्यावरही लागू होते. लेखात याचा उल्लेख हवाच होता.