उपग्रहाला विहिरीचा तळ दिसत नाही

‘आता विहिरीत टेप सोडायची गरज नाही. कोणत्या गावात जलसंधारण फळाला आलं, ते उपग्रह आणि एआय मिळून घरबसल्या सांगतील.’ असा मजकूर सध्या गटागटांत फिरतोय. एआयशी माझं वाकडं नाही, पण यातले दावे एकेक करून बघू.

पहिला : उपग्रहाला भूजल दिसतं. नाही दिसत. २००२ साली सोडलेली ‘ग्रेस’ ही उपग्रहांची जोडी आणि २०१८ पासून तिच्या जागी आलेली दुसरी जोडी गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक टिपते. त्यातून जमिनीतली ओल, धरणं यांचा हिशेब वजा करून भूजलाचा अंदाज काढतात. पण ही नजर फार ढोबळ, तीनेकशे किलोमीटरांची. पुणे ते लातूर एवढा पट्टा म्हणजे एक ठिपका! पंजाब-हरियाणातला उपसा त्यात कळला. तुमचा पाझर तलाव कळायचा नाही.

दुसरा : शिवार हिरवं म्हणजे पाणी मुरलं. खरी गोम इथे आहे. एप्रिलमध्ये हिरवा दिसणारा ऊस पाचशे फुटांच्या बोअरवरही असू शकतो. मग ती हिरवळ मुरलेल्या पाण्याची की उपसलेल्या? शेततळ्याचं तर विचारूच नका. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यातून पाणी मुरत नाही. उलट कित्येक जण ते विहिरीच्या, बोअरच्या पाण्याने भरून ठेवतात आणि उन्हाळ्यात त्यातलं बरंच वाफ होऊन जातं. उपग्रहाच्या चित्रात मात्र छान निळा चौकोन दिसतो. एआयचं मॉडेल, म्हणजे नोंदींवरून शिकून अंदाज काढणारा प्रोग्राम, तो ‘पाणीसाठा वाढला’ म्हणून जमेला धरतं. खर्चाची नोंद जमेच्या रकान्यात!

तिसरा : पातळी वर आली, म्हणजे काम यशस्वी. २०१८ ला दुष्काळ, २०१९ ला दणकून पाऊस. या दोन वर्षांची तुलना केली तर काहीही न केलेलं गावही पास होईल. हजार हेक्टरांच्या शिवारावर १०० मिलिमीटर जास्तीचा पाऊस म्हणजे १०० कोटी लिटर पाणी. थोडंच मुरलं तरी विहिरी बोलतात. तसाच खडक, तसाच पाऊस, पण काम न झालेलं गाव शेजारी ठेवूनच तुलना करायला हवी. अशी जोडगावं शोधायला एआय खरंच उपयोगी आहे, हे मान्य.

चौथा : मोजणीचा खर्च वाचेल. राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा. एका बांधावरची विहीर तुडुंब, पलीकडची कोरडी, हे इथे रोजचंच. म्हणून मॉडेलला शिकवायला आणि तपासायला नोंदी जास्त लागतील, कमी नाही. त्याही नीट घेतलेल्या. थ्री फेज वीज आल्यावर मोटर सुरू असताना टेप सोडला, तर तो आकडा पाण्याच्या खऱ्या पातळीचा नसतो, उपशाने खाली गेलेल्या पातळीचा असतो. मोटर बंद होऊन विहीर भरेपर्यंत थांबावं लागतं. कुणी असे आकडे-नकाशे मांडलेला डॅशबोर्ड दाखवायला आला, तर त्याला एवढंच विचारा : आमच्या गावातल्या किती विहिरी मोजल्या, आणि तेव्हा मोटर बंद होती का?