रंगपेटी आणि तक्रारपेटी

नमस्कार,

ऑफिसात मी घेते त्या चित्रांच्या सत्रांवरच्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "बढत्या ठरावीक लोकांनाच मिळणार, बाकीच्यांच्या हातात तुम्ही खडू देणार, आणि वर त्याला उपचार म्हणणार." चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे.

आधी 'उपचार'. 'आर्ट थेरपी' हे नाव १९४२ साली एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारानं रूढ केलं. क्षयानं सॅनेटोरियममध्ये पडून असताना त्याला चित्रं काढण्याचा आधार झाला होता. आज ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवणं बेकायदा आहे. मी कंपनीत विविधता आणि समावेशनाचं, म्हणजे बायका, दिव्यांग अशा सगळ्यांना बरोबरीची जागा मिळावी याचं, काम बघणारी बाई; सुट्टीच्या दिवशी चित्रं काढता काढता ही सत्रं घ्यायला लागले. लेखात 'हीलिंग' हा शब्द सैल हातानं वापरला, ती चूक माझीच.

पण खडूंचा उपयोग नाही, हे मान्य नाही. सत्रात मी सांगते, कागदावर आपलं ऑफिस काढा आणि गेटपासून खुर्चीपर्यंतची रोजची वाट रेघेनं दाखवा. एकदा व्हीलचेअरवरच्या सहकाऱ्याची रेघ मागून, सामानाच्या लिफ्टमधून गेली. तीन वर्षं त्याच्यासोबत डबा खाणारा मित्र म्हणाला, "अरे, तू रोज कचऱ्याच्या डब्यांजवळून येतोस?" आमच्या वार्षिक सर्वेक्षणात प्रश्न होता, इमारतीत लिफ्ट आहे का? उत्तर अर्थातच 'हो'.

आता तुमच्या बाजूचं. पुढच्या दाराशी रॅम्प झाला तो चित्रामुळे नाही. त्या सहकाऱ्याला विचारूनच मी विषय वर नेला, तर सगळे "किती छान उपक्रम" म्हणाले आणि फाइल तिथेच. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आणि त्यातलं समान संधी धोरणाचं कलम समोर ठेवलं, तेव्हा कुठे ती हलली. सात महिने लागले.

एक गोष्ट लेखात लिहिली नव्हती. जुन्या नोकरीत महिला दिनाला साहेबांना सत्रातली चित्रं भिंतीवर हवी होती, आणि मी हो म्हटलं. नावं नव्हती, पण हात ओळखू येतो. एक मुलगी पुन्हा सत्राला आली नाही. तेव्हापासून कागद ज्याचा त्यानं घरी न्यायचा. कोणी लैंगिक छळाबद्दल बोललं, तर मी खडू बाजूला ठेवते आणि अशा तक्रारींसाठी ऑफिसात असलेल्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार कशी करायची, तीन महिन्यांची मुदत कधीपासून मोजतात, ते सांगते. तिथे वर्तुळात बसून रंग भरणं म्हणजे तुम्ही म्हणता तीच रंगरंगोटी.

राहिल्या बढत्या. त्या बैठकीत मला बसायला मिळतं, कोणत्या विभागात किती बायका कुठवर पोचल्या याचा तक्ता मांडायला मिळतो. मत देण्याचा अधिकार नाही. या वर्षी तो लेखी मागितलाय. अजून उत्तर आलेलं नाही.