तो 'ना' माझ्या आजीचा होता

गेल्या महिन्यात एका स्टुडिओत डबिंग संपल्यावर नेहमीप्रमाणे सहीसाठी कागद पुढे आला. पेन उघडलं आणि एका ओळीवर नजर अडकली. या रेकॉर्डिंगचा वापर आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या कुठल्याही तंत्रज्ञानासाठी, जगभर, कायमचा करता येईल. म्हणजे माझ्या आवाजावर मशीन तयार करायचं आणि पुढच्या वेळी मला बोलवायचंच नाही.

वीस वर्षं हे काम करतेय. त्या दिवशी एका दाक्षिणात्य सिनेमातली म्हातारी करत होते. मुलगा घर सोडून निघालाय आणि ती म्हणते, 'नको'. पण पडद्यावर तिचं तोंड शेवटी 'आ' करून उघडंच राहतं, आणि 'नको' म्हणताना आपले ओठ गोल होतात. सिंक, म्हणजे ओठांशी शब्दांचा मेळ, काही बसेना. चौथ्या टेकला तोंडून आपसूक 'नको ना' गेलं. ओठ बसले, आणि तिची विनवणीही आली. तो 'ना' स्क्रिप्टमध्ये नव्हता. मी गावाहून निघाले की आजी तसं म्हणायची.

2024 मध्ये अरिजित सिंग आणि 2025 मध्ये आशाताई भोसले यांच्या आवाजाची एआय नक्कल मुंबई उच्च न्यायालयानं रोखली. फार बरं वाटलं. पण त्यांचा आवाज अख्खा देश ओळखतो. माझा तुम्ही कितीदा तरी ऐकला असेल, तरी तो माझा हे तुम्हाला कसं कळणार? उद्या कुणी उचललाच, तर ओळख पटवायला कोण उभं राहील? म्हणून आमच्यासारख्यांचं सगळं त्या सहीच्या कागदावरच येऊन ठेपतं. आवाज घ्यायचाय तर आधी स्पष्ट विचारा, आणि दर वापराचे पैसे द्या.

नव्या पोरांची तर जास्तच काळजी वाटते. आम्ही सगळे क्राउडमधून वर आलो. बाजारातला गलका, नर्स, रिक्षावाला, दोन-दोन ओळींची कामं. माईकपुढे श्वास कसा घ्यायचा ते तिथंच कळलं. मशीनकडे आधी तीच कामं जाणार. मग ही पोरं शिकणार कुठे?

मी ती ओळ खोडली आणि मग सही केली. स्टुडिओवाले 'बघतो' म्हणाले. त्यानंतर तिथून फोन आलेला नाही. येत्या रविवारी एका वकील मैत्रिणीबरोबर बसून आमच्यासाठी कराराचा साधा मराठी मसुदा करणार आहे. तुमच्यापैकी कुणापुढे असा कागद आला असेल, तर सही करण्याआधी मला इनबॉक्समध्ये फोटो पाठवा.