शिस्तभंगाचे शेरे आणि भुयारातील काम

पहिल्या महायुद्धातील एका ऑस्ट्रेलियन भुयारी सैनिकाची मी वाचलेल्या एका लेखात ‘बेशिस्त’ अशी संभावना केली आहे, आणि त्याला आधार आहे तो रजेविना गैरहजेरी व पगारकपातीच्या नोंदींचा. त्या नोंदी खऱ्याच असतील. परंतु शत्रूच्या ठाण्यांखाली भुयारे खणून सुरुंग पेरणाऱ्या या तुकड्यांमध्ये प्रामुख्याने खाणकामगारांची भरती झाली होती, हे त्या लेखाच्या लेखकाने विचारात घ्यायला हवे होते. कवायतीपेक्षा कुदळीशी जन्माचे नाते असलेली ही माणसे अधिकाऱ्याला सलाम ठोकण्यात कमी पडली, यात नवल ते काय?

बेल्जियममधील ‘हिल ६०’ या टेकडीखालचे सुरुंग पहिल्या ऑस्ट्रेलियन टनेलिंग कंपनीने (अशाच एका भुयारी तुकडीने) नोव्हेंबर १९१६ पासून सांभाळले. शत्रूही जवळच खणत असल्यामुळे कुजबुजसुद्धा जिवावर बेतू शकत असे, आणि विषारी वायूची पहिली चाहूल पिंजऱ्यातील कॅनरी पक्ष्याच्या गळून पडण्यानेच लागे. अखेर ७ जून १९१७ रोजी पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी मेसीनच्या टेकडीरांगेखालील १९ सुरुंग उडाले, त्यांत हिल ६० चाही होता. जमिनीखाली महिनोन्‌महिने पाळलेल्या या मौनाची नोंद शिस्तभंगाच्या रकान्यात कुठून सापडणार?