रत्नागिरीला बुके पाठवायचाय? आधी तिथल्या फुलवालीला फोन करा

गेल्या मे महिन्यात माझ्या ताईच्या लग्नाला ४० वर्षं झाली. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, नागपूरहून लग्न करून रत्नागिरीला गेली ती तिकडचीच झाली. घर मांडवीजवळ, रात्री गॅलरीत उभं राहिलं की समुद्र ऐकू येतो. आम्ही इकडं नागपुरात, मधे नऊशे किलोमीटर. मे मधे इथं पारा ४५ ला टेकलेला, मुलीचे युनिव्हर्सिटीचे पेपर सुरू, जाणं काही जमलं नाही, म्हणून म्हटलं निदान एक चांगला बुके तरी वेळेवर पोचवू, ताई-भाऊजी दोघं खुश होतील.

मोबाईलवर सर्च मारला तर सात-आठ साईट आल्या, आणि सगळीकडं जवळपास तोच फोटो फिरून राहिला. लाल गुलाब, पांढरे कार्नेशन, मधे जिप्सोफिलाचा तो बारीक पांढरा फुलोरा, खाली सॅटिनची रिबन. १,४९९ रुपये भरले, सकाळीच पाहिजे म्हणून १५० वेगळे भरले, कार्डावर काय लिहायचं ते अर्धा तास विचार करून टाईप केलं. दुपार झाली, काही नाही. संध्याकाळी साडेसातला ताईचा फोन. "फुलं आली रे, छान आहेत." माझी ताई कधीच कशाला नावं ठेवत नाही, पण तिचं "छान" मी पन्नास वर्षं ऐकून राहिलो, त्यातला फरक मला कळतो. भाच्याला म्हटलं, फोटो पाठव.

फोटो पाहून खरंच वाईट वाटलं. सहा जरबेरा होते, त्यातल्या दोघांच्या तोंडावरचं प्लास्टिकचं पाऊच सुद्धा काढलेलं नव्हतं. (जरबेरा दहा-दहाच्या बंडलमधे येतो, प्रत्येक फुलाला पारदर्शक टोपी घातलेली असते, पाकळ्या मुडपू नयेत म्हणून.) एकानं मान टाकलेली. चार गुलाब, बाहेरच्या पाकळ्यांवर चहाचे थेंब पडल्यासारखे तपकिरी डाग. कार्नेशन एकही नाही. आणि कार्डावर मी लिहिलेलं एक अक्षर नाही, नुसता ऑर्डर नंबर. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला माझ्या बहिणीच्या हातात एक ऑर्डर नंबर पडला.

कस्टमर केअरला फोन केला. बोलणारी मुलगी नम्र होती, तिचा काही दोष नाही, ती कुठल्या शहरात बसून कॉल घेऊन राहिली होती कोणास ठाऊक. तिनं पिनकोड विचारला, फुलं उपलब्ध नसली तर बदलून देतो असं नियमात लिहिलंय म्हणून सांगितलं आणि पुढच्या ऑर्डरवर दोनशे रुपयांचं कूपन दिलं. ते कूपन मी वापरलं नाही.

पण डोक्यातून विषय जाईना. माझ्या पैशाचं नेमकं झालं काय? ऑक्टोबरमधे रत्नागिरीला गेलो तेव्हा बाजारात एका फुलवाल्या काकींच्या दुकानात मुद्दाम गेलो, गजरे-हारांसोबत बुके पण करतात त्या. तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा सहा-सातशेचा बुके आहे. आणि फुलं दोन दिवसांची आहेत." मग सगळं सांगितलं. बऱ्याच साईटकडं स्वतःचं दुकान नसतंच. त्या ऑर्डर घेतात, आपला वाटा कापतात आणि उरलेल्या पैशात गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या दुकानाला काम देतात. दुकानदाराला ऑर्डर जाते ती फोटोसकट, पण त्या फोटोतली फुलं त्या दिवशी त्याच्याकडं आहेत का हे कोणी विचारत नाही. ऑर्डर नाही म्हणावं तर पुढच्या वेळी येत नाही, म्हणून तो जे आहे ते बांधून देतो. काकी म्हणाल्या, त्यांच्याकडं जरबेरा, डच गुलाब येतात ते कोल्हापूरकडून, आंबा घाट उतरून. पावसात घाटात दरड आली की दोन-दोन दिवस काहीच येत नाही. "आणि साईटवर तर वर्षभर सगळंच असतं," हे त्या सहज बोलल्या, पण मला फार लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की समुद्राकाठच्या लहान गावात फुलं पाठवायची तर फोटो निवडू नका, माणूस निवडा. तिथल्या फुलवाल्याला किंवा फुलवालीला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा, आज तुमच्याकडं ताजं काय आलंय? जे आलंय त्याचा बुके बांधायला सांगा आणि पूर्ण पैसे त्यांच्याच हातात जाऊ द्या.

हे मी रागात नाही सांगून राहिलो. आपल्याला इकडं बसून तिकडच्या हवेचा अंदाजच येत नाही. नागपूरचा उन्हाळा कोरडा. सीताबर्डीच्या नेताजी मार्केटमधून सकाळी गुलाब आणा, दुपारपर्यंत पाकळीची कड पापडासारखी वाळते. आपल्याकडं फूल सुकतं. रत्नागिरीत फूल सडतं. पॉलिहाऊसचे गुलाब तोडल्यावर २ ते ४ डिग्रीत ठेवतात, थंडच प्रवास झाला तर ते मस्त टिकतात. पण थंड खोका त्या दमट हवेत उघडला की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला कसा घाम सुटतो तसा पाकळ्यांना सुटतो, आणि त्या ओलाव्यावर बुरशी धरते, बोट्रायटिस म्हणतात तिला. ताईच्या गुलाबावरचे ते चहाचे डाग मला तरी तिचेच वाटतात. जिला रोज त्या हवेत फुलं सांभाळायची आहेत तिला हे नाव माहीत नसेल, पण खोका कधी उघडायचा, फुलं कुठं पसरायची आणि कुठला गुलाब आज द्यायचा नाही हे बरोबर माहीत असतं.

दुसरी गोष्ट काकींनी सांगितली ती मला आधी खरीच वाटली नाही. "मे महिन्यात आंब्याच्या घरात कार्नेशन देऊ नये." मी म्हटलं, बाप्पा, आंब्याचा आणि कार्नेशनचा काय संबंध? घरी येऊन वाचलं तर शंभर टक्के बरोबर. आंबा पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतो, आणि कार्नेशनला इथिलीन अजिबात सोसत नाही, पाकळ्या आत मिटून फूल झोपल्यासारखं होतं. आता मे महिन्यात रत्नागिरीत कुठल्या घरात आंबा नसतो सांगा. ताईकडं तर पलंगाखाली गवतात आढी लावलेली असते, खोलीभर वास. म्हणजे माझ्या ऑर्डरप्रमाणे कार्नेशन गेले असते तरी दोन दिवसात मान खाली घालून बसले असते.

यंदा मार्चमधे ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार दिवसांनी घरी आली, पलंगावर पडून, फोनवर आवाज बारीक. मी थेट काकींना फोन लावला, नंबर घेऊन ठेवलाच होता. म्हटलं, काकी, बहिणीला फुलं पाठवायची आहेत, बजेट हजार रुपये. त्या म्हणाल्या, "आज जरबेरा नका घेऊ, परवाचा आहे, मान टाकेल. त्या झोपूनच आहेत ना, मग वासाचं देऊया. सुरंगी आली आहे."

सुरंगी आमच्या नागपुरात पाहायला सुद्धा मिळत नाही. कोकणातलं झाड, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास फुलतं, फुलं खोडाला-फांद्यांना चिकटून येतात, आणि कळ्या सकाळी उमलायच्या आत काढाव्या लागतात. फूल म्हणाल तर बोटाच्या पेरापेक्षा लहान, पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा गुच्छ. काकींनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, बुके तयार व्हायच्या आधीचा: ओल्या फडक्यावर सुरंगीचे दोन गजरे, बाजूला सात सोनचाफे, अबोलीचा एक वळेसर (म्हणजे गजराच), आणि ते बांधायला केळीच्या पानाचा तुकडा. मी म्हटलं रिबन नाही? म्हणाल्या, केळीचं पान गार राहतं, रिबन कशाला. आणि कार्ड? कार्ड त्यांच्या मुलानं स्वतःच्या हातानं लिहिलं, मी फोनवर सांगितलं तसं, "ताई, लवकर उठ, मला तुला नागपूर स्टेशनवर घ्यायला यायचंय." अक्षर वाकडं होतं, पण शब्द माझे होते.

पोरगा सकाळी नऊला घरी पोचला. ताईनं फोन केला तो रडतच, म्हणाली लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंनी तिच्या वेणीत सुरंगी माळली होती, आणि अलीकडं गुडघ्यामुळं बाजारात जाणंच सुटलं होतं. हे मला कसं माहीत असणार? ४० वर्षांत कधी विषयच निघाला नव्हता. बुके ८५० ला पडला, रिक्षाचे साठ वेगळे. गजरे सुकले तरी वास राहिला म्हणून तिनं ते उशीच्या अभ्र्यात ठेवले, आठवडाभर.

आता कोणी म्हणेल, एवढा कोणाला वेळ आहे, साईटवर दोन मिनिटांत काम होते. मान्य. पुण्या-मुंबईत चालूनही जातं, तिथं दुकानं ढीगभर आहेत, माल रोज येतो, मावळातले गुलाब पुण्याला तर हाकेच्या अंतरावर. पण मालवण, दापोली, वेंगुर्ला, गुहागर अशा गावांत फुलवाले मोजकेच, आणि त्यांच्याकडं आज काय आहे हे फक्त त्यांनाच माहीत. फोनला पाचच मिनिटं लागतात. नंबर कुठून आणायचा? ज्यांना फुलं पाठवायची त्यांच्या शेजाऱ्यांना विचारा, देवळाबाहेर हार कोण विकतं ते विचारा, गूगल मॅपवर दुकानाचे फोटो पाहा, बोर्डावर मोबाईल नंबर लिहिलेला असतो.

फोनवर पत्ता सांगताना पिनकोडपेक्षा खूण सांगा. कुठल्या देवळामागे, कुठल्या आळीत, गेटचा रंग कोणता. डिलिव्हरी सकाळची मागा, उन्हं चढल्यावर स्कूटरच्या हँडलला टांगलेला बुके अर्धा मरूनच पोचतो. टोपली करून घेणार असाल तर खाली तो हिरवा स्पंज नको म्हणा, ते प्लास्टिक आहे, चुरा होतो पण कुजत नाही, आणि समुद्राकाठच्या गावातला कचरा पावसात कुठं जातो हे वेगळं सांगायला नको. आणि मेहेरबानी करून भाव पाडू नका. घासाघीस केली की फुलवाली पण कालची फुलं आधी बांधते, त्यात तिचं काही चुकत नाही.

काल परत काकींना फोन केला, ताईच्या लग्नाच्या वाढदिवसाचं सांगायला, अजून तीन आठवडे आहेत तरी. तारीख त्यांनी लिहून घेतली आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "मे मधे ना? घरात आंबे असतील. मोगरा देते भरपूर, मधे दोन-तीन सोनचाफे. आदल्या रात्री फोन करा, सकाळी कळ्या किती येतील ते तेव्हा कळेल." मी हो म्हटलं. आदल्या रात्रीचा आठ वाजताचा अलार्म लावून ठेवलाय.