डाव फसला!

इंदूरच्या मराठी घरांत क्रिकेटचा विषय निघाला की एक वाद ठरलेला. वडीलधाऱ्यांना मराठी मथळ्यांतल्या कोट्या आवडतात. मुलं म्हणतात, ‘पायचीत’ (एलबीडब्ल्यू) कोणाला कळतं, आम्ही हिंदीतलं ‘पगबाधा’ ऐकत वाढलो. ग्लासगोत बसून मी वडीलधाऱ्यांच्या बाजूनं आहे. अट एकच, कोटीनं बातमी गिळू नये.

इथलंच बघा. 8 फेब्रुवारी 2000 रोजी फुटबॉलमध्ये इन्व्हर्नेस कॅलेडोनियन थिसल (लाडानं ‘कॅली’) या संघानं ग्लासगोच्या सेल्टिकला त्यांच्याच मैदानावर 3-1 असं हरवलं. ‘द सन’ या वृत्तपत्राचा मथळा होता, ‘सुपर कॅली गो बॅलिस्टिक, सेल्टिक आर अट्रोशस’. ‘मेरी पॉपिन्स’ या चित्रपटातल्या गाण्यातल्या ‘सुपरकॅलिफ्रॅजिलिस्टिकएक्स्पिअ‍ॅलिडोशस’ या लांबलचक शब्दाचा ठेका यात आहेच, पण ते गाणं न ऐकलेल्यालाही कोण जिंकलं आणि कोण वाईट खेळलं, ते कळतं.

मराठीत हे व्याकरणावर अडतं. ‘धावा’ घ्या. फलंदाजाच्या धावा स्त्रीलिंगी, देवाचा धावा पुल्लिंगी. ‘धावा झाल्या’ लिहिलं की देव गेला, ‘धावा झाला’ लिहिलं की क्रिकेट गेलं. विभक्ती लावली तरी तेच, ‘धावांना’ आणि ‘धाव्याला’ वेगळे पडतात. म्हणून क्रियापद गाळायचं: ‘शेवटच्या षटकात धावाच धावा’. फलंदाजी करणाऱ्यांचा एक अर्थ, क्षेत्ररक्षण करणाऱ्यांचा दुसरा.

‘डाव’ मात्र हुकमी. खेळातला, कपटातला आणि भात वाढायचासुद्धा, तिन्ही पुल्लिंगी, रूपंही तीच. मार्च 2023 मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, फिरकीला साथ देणाऱ्या घरच्याच खेळपट्टीवर भारत 109 आणि 163 धावांत गुंडाळला गेला, ऑस्ट्रेलिया 9 गडी राखून जिंकली. या सामन्याला ‘डाव फसला’ हे दोनच शब्द पुरे. खेळातला आणि कपटातला, दोन्ही अर्थ खरे. खाली धावसंख्या दिली की काम झालं.

आणि इंदूरच्या मुलांकडे तर एक शब्द जास्तीचा आहे. ‘बाद’ मराठीत तंबूत पाठवतो, हिंदीत ‘नंतर’ सांगतो. ‘कर्णधार बाद, आता बाद में काय?’ ही कोटी पुण्यात समजावून सांगावी लागेल, इंदूरच्या राजवाड्यावर नाही. असे मथळे तिथल्या मुलांनीच लिहावेत.

‘त्रिफळा’, म्हणजे चेंडूनं यष्ट्या उडणं, तेवढा जपून वापरा. झेल देऊन गेलेल्याच्या मथळ्यात तो आला की वाचकाला यष्ट्या उडालेल्या दिसतात, आणि त्या तर जागेवरच असतात.