आपत्ती ओसरेपर्यंत सभागृहाने थांबायचे?

गेल्या आठवड्यात माझ्या मामांनी मला एक संदेश पाठवला. सरकार सभागृहाला उत्तरदायी असते, हे लहानपणी मला ज्यांनी समजावले, त्यांनीच "अगदी पटण्यासारखे आहे" असे वर लिहून तो पुढे धाडावा, याचे मला वाईट वाटले. आपत्तीच्या काळात लोकप्रतिनिधींना दूरस्थ पद्धतीने कामकाजात भाग घेऊ देणे घातक आहे, असे तो संदेश सांगतो. त्याची कारणे चार: जगात असे कुठेच झालेले नाही, पडद्यावरचे मत कोणीही फिरवील, एकदा दिलेली सवलत कायमची होईल, आणि संकटात सरकारने निर्णय घ्यावेत, चर्चा मागाहूनही करता येते.

शेवटचे कारण सर्वांत अपायकारक आहे, म्हणून आधी तेच घेतो. सरकारच्या हाती एरवी नसलेले अधिकार एकवटतात ते नेमके आपत्तीतच, आणि म्हणून प्रश्न विचारणाऱ्यांची गरजही तेव्हाच सर्वाधिक असते. ब्रिटनचे उदाहरण पाहा. तिथल्या संसदेने २५ मार्च २०२० रोजी करोनाविषयक कायदा संमत करून सुट्टी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधील नागरिकांच्या घराबाहेर पडण्यावर निर्बंध घालणारे नियम मंत्र्यांच्या सहीने लागू झाले. त्या नियमांना कनिष्ठ सभागृहाची मान्यता मिळाली ४ मे रोजी, म्हणजे ३९ दिवसांनी. दरम्यान २२ एप्रिलपासून जास्तीत जास्त ५० सदस्य सभागृहात आणि १२० सदस्य पडद्यावर, अशी मिश्र व्यवस्था सुरू झाली होती. पंतप्रधान आजारातून सावरत होते, तरी त्या दिवशी त्यांच्या जागी उत्तरे देण्यासाठी उभ्या राहिलेल्या मंत्र्यांना चाचण्या आणि संरक्षक साहित्याच्या तुटवड्याबद्दल प्रश्न विचारले गेले. ही व्यवस्था आणखी आधी तयार असती, तर ते प्रश्नही आधीच विचारले गेले असते.

आपल्याकडे तर २३ मार्च २०२० रोजी स्थगित झालेली संसद थेट १४ सप्टेंबरला भरली आणि मधल्या काळात, ५ जून रोजी, शेतीसंबंधीचे तीन अध्यादेश निघाले. त्या अध्यादेशांविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यांवर सभागृहात चर्चा व्हायला तीन महिन्यांहून अधिक काळ गेला, ही वस्तुस्थिती आहे. "चर्चा मागाहून" या दोन शब्दांचा व्यवहारातला अर्थ हा असा होतो.

"कुठेच झालेले नाही" हे विधान तर निखालस खोटे आहे. ब्राझीलच्या सिनेटने २० मार्च २०२० रोजीच दूरस्थ बैठक घेतली. २६ मार्चला युरोपीय संसदेच्या सदस्यांनी मतपत्रिका छापून, सही करून, तिची प्रत ई-मेलने परत पाठवली. १ एप्रिलला वेल्सचे विधिमंडळ पडद्यावर भरले.

मत फिरवण्याच्या भीतीत मात्र थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. स्पेनमध्ये आजारी सदस्यांना दूरस्थ मतदानाची मुभा महामारीच्या आधीपासून आहे. तिथे ३ फेब्रुवारी २०२२ रोजी कामगारविषयक सुधारणा १७५ विरुद्ध १७४ मतांनी मंजूर झाली, ती विरोधी पक्षाच्या एका सदस्याने आजारपणामुळे घरून दिलेले मत बाजूने नोंदले गेल्यामुळे. त्यांचा पक्ष यंत्रणेला दोष देत राहिला; सभागृहाच्या प्रशासनाला तिच्यात बिघाड आढळला नाही. यातून एवढेच निघते की निकाल जाहीर होण्यापूर्वी सदस्याला आपले मत तपासायला वेळ मिळाला पाहिजे. शिवाय संदेश लिहिणाऱ्याने नागरिकांच्या गुप्त मतदानाची भीती इथे आणून चिकटवली आहे. लोकप्रतिनिधीचे मत नावानिशी प्रसिद्ध केले, तर कोणी ते फिरवताच सर्वांत आधी त्यालाच ते दिसेल.

संदेशात "दुसराच कोणी बटण दाबेल" असेही म्हटले आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मे २०२० पासून अनुपस्थित सदस्याचे मत हजर सहकाऱ्याने मांडायची सोय होती, आणि एक सदस्य अशी दहा मते मांडू शकत असे. महामारीचे कारण देऊन काही सदस्य मतदानाच्या दिवशी अन्य कार्यक्रमांना गेले, हेही खरे. पण ते प्रतिनिधीमार्फत दिलेले मत होते. स्वतः पडद्यासमोर बसून, ओळख पटवून दिलेले मत ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्या पद्धतीचा गैरवापर दाखवून दुसरीला दोषी ठरवता येत नाही.

राहता राहिली "कायमची सवलत". ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात १२ मे २०२० रोजी प्रथमच दूरस्थ मतदान झाले आणि २ जूनला ते बंदही झाले. त्या दिवशी अंतर राखून उभ्या राहिलेल्या सदस्यांच्या लांबच लांब रांगेमुळे एका मतदानाला सुमारे पाऊण तास लागला. अमेरिकेतली सोय जानेवारी २०२३ मध्ये संपली. कॅनडाने २०२३ मध्ये मिश्र पद्धत कायम केली, तीही सभागृहातल्या मतदानानेच. तरीही मामांच्या मनातली शंका मी उडवून लावणार नाही. ही मुभा केव्हा लागू व्हावी हे सरकारने नव्हे, तर सभागृहाने दोनतृतीयांश बहुमताने ठरवावे, ती ३० दिवसांनी आपोआप संपावी, आणि मुदतवाढीसाठी पुन्हा तेवढेच बहुमत लागावे, असा नियम शांततेच्या काळातच लिहून ठेवता येतो.